आडवे नख

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी छत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत पदार्थविज्ञान शिकवत असे, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही; दडपण आणायचे तर घरात दुसरे माणूस असावे लागते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत यायला सांगितले. मी दोनावर येऊन पोहोचले आणि पुढे उणे पाचापासून चालू ठेवू का, असे विचारले, तेव्हा त्यांनी घाईने सही केली.

यापूर्वी, अठरा वर्षांमागे, मी एक मृत्युपत्र केले होते. ते याद्वारे रद्द समजावे. त्यात मी हे घर आकाशनिरीक्षण संस्थेला दिले होते आणि एका व्यक्तीला रागाने वगळले होते. ती चूक आज दुरुस्त करायची आहे. पण ती चूक नीट समजायची तर आधी सूर्यमाला समजून घ्यावी लागते, म्हणून वाचणाऱ्याने थोडा धीर धरावा. वकिलांनी मसुदा वाचून मला सांगितले, "बाई, ग्रह वगळा. ग्रह मिळकतीत येत नाहीत." मी म्हटले, "येतात. दोन-तीन कलमे जाऊ द्या, तुम्हालाच पटेल." सर्वांची कागदोपत्री नावे आणि पत्ते वकिलांकडच्या जोडपत्रात आहेत. इथे मी माणसांना घरात ज्या हाकेने ओळखले तीच हाक लिहिते.

कलम १. मिळकत. खाली दोन खोल्या, वर एक, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये जुना जड लेथ आणि त्याची हत्यारे. बँकेतील शिल्लक. पुस्तके. एक पितळी वाडगा, त्याची लाकडी तिवई आणि बेअरिंगच्या छर्ऱ्यांचा डबा. हे सर्व माझ्या आणि यजमानांच्या कष्टाचे आहे. वडिलोपार्जित काही नाही, त्यामुळे ते कोणाला द्यावे हा अधिकार सर्वस्वी माझा.

कलम २. माणसे. माझे यजमान कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथवर धातूला आकार देणारे कारागीर होते. त्यांना जाऊन बावीस वर्षे झाली. आम्हांला मूल नाही. चाळीस वर्षांपूर्वी यजमानांचे थोरले भाऊ आणि वहिनी एका महिन्याच्या अंतराने वारले आणि त्यांची सात वर्षांची मुलगी आमच्याकडे राहायला आली. एका जागी बसत नसे, म्हणून यजमानांनी तिचे नाव भिंगरी ठेवले. तेव्हा मागच्या खोलीत माझा धाकटा भाऊ राहत होता. घरात चौथे माणूस मावेना. भाऊ स्वतःच म्हणाला, "ताई, पोरीला खोली दे. मी काय, कुठेही पडेन." तो गेला, आणि मग दर तीन-चार वर्षांनी न कळवता उगवू लागला, दोन दिवस राहायचा, शेजारपाजाऱ्यांना हसवून जायचा. त्याला आम्ही धूमकेतू म्हणू लागलो. एवढीच माणसे आहेत. त्यांतली एक मृत, दोन दूर.

कलम ३. सिद्धांत. पाठ्यपुस्तकात असे शिकवतात: वायू आणि धुळीचा एक प्रचंड ढग होता, तो स्वतःच्याच वजनाने आकसला, फिरता फिरता चपटा झाला, मध्यभागी सूर्य पेटला आणि भोवतीच्या चकतीतून ग्रह घडले. म्हणजे सगळे ग्रह एकाच ढगाची सख्खी भावंडे. मी हेच शिकवले आणि परीक्षेत याच उत्तराला पूर्ण गुण दिले, कारण माझ्या मतांची शिक्षा मुलांना कशाला. माझे मत मात्र वेगळे आहे. ग्रह सूर्याच्या पोटचे नाहीत. ते एकेकटे, कुठून कुठून भटकत आले आणि सूर्याने त्यांना ठेवून घेतले.

थोडा विचार करून पाहावा. सख्खी भावंडे एकमेकांहून इतकी निराळी कशी असतील? युरेनस कुशीवर लोळत फिरतो. शुक्र स्वतःभोवती उलटा फिरतो, आणि तोही इतका रेंगाळत की त्याची एक गिरकी त्याच्या वर्षापेक्षा लांबते. शनीला मावेल एवढे पाणी मिळाले तर तो त्यावर तरंगेल, आणि आपली पृथ्वी दगडांनी आणि लोखंडाने गच्च. नेपच्यूनचा सर्वांत मोठा चंद्र तर त्याच्याभोवती उलट्या दिशेने चालतो, आणि तो बाहेरून आलेला असावा हे मोठमोठ्या वेधशाळाही मानतात. मग चंद्र बाहेरून आलेला चालतो, तर ग्रहांनीच काय घोडे मारले आहे?

आता यातला खरा मौजेचा भाग. ठेवून घेणे सोपे नसते. बाहेरून आलेला गोळा सूर्याच्या ओढीने वेग घेतो आणि त्याच वेगाने पलीकडून निघूनही जातो. नुसत्या ओढीने कोणी राहत नाही. राहायचे तर आपला जास्तीचा वेग कोणाला तरी देऊन टाकावा लागतो, आणि ज्याला तो मिळतो तो बाहेर फेकला जातो. म्हणजे आज सूर्याभोवती जेवढे फिरत आहेत तेवढेच, ज्यांनी त्यांना जागा करून दिली ते, अंधारात हिंडत असणार. एक राहतो तेव्हा एक जातो. हा माझ्या सिद्धांताचा गाभा, आणि तो मला कागदावर सुचला असे मी वर्षानुवर्षे समजत होते. मागच्या खोलीतून भावाची ट्रंक बाहेर काढली त्या आठवड्यात तो सुचला, हे वहीवरची तारीख पाहिली तेव्हा कळले.

याला एक आक्षेप आहे आणि तो साधासुधा नाही. सगळे ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने फिरतात. परके असते तर निम्मे एका दिशेने आणि निम्मे दुसऱ्या दिशेने फिरले असते. आकाशनिरीक्षण संस्थेच्या चिटणिसांनी पहिल्याच भेटीत मला विचारले, "बाई, स्टेशनवर उतरलेली माणसं सगळी एकाच दिशेला चालतात का?" मी म्हटले, "चालतात की, बाहेर पडायचं दार एकच असेल तर." सभेत हशा पिकला. पण ते नुसते प्रत्युत्तर होते, उत्तर नव्हते, आणि हे घरी येईपर्यंत माझ्या ध्यानात आले होते. (ग्रह जवळजवळ एकाच पातळीत का आहेत हा प्रश्नही उरतोच. तो मी बाजूला ठेवला होता. एका वेळी एक गाठ सोडवावी.)

कलम ४. वाडगा. उत्तर शोधायचे म्हणून मी वाडगा करवून घेतला. यजमानांनी पितळेचे ओतकाम आणले, तोंडाशी दीड फूट, आणि मागच्या शेडमधल्या लेथवर चढवले. आतल्या वळणाची रेषा मी गणित करून काढून दिली होती: काठाशी जवळजवळ सपाट, मध्याकडे जाताना झपाट्याने खोल, म्हणजे मध्य जवळ येईल तशी ओढ वाढावी. ते रोज कारखान्यातून आले की दोन तास त्यावर काम करत. भिंगरी तेव्हा दहा वर्षांची होती. शाळेतून आली की ती शेडमध्ये फडके घेऊन उभी राही आणि पितळेचा सोनेरी कीस बरणीत भरून ठेवी.

तेराव्या दिवशी मी शेडमध्ये गेले. वाडग्यात मला माझा चेहरा दिसला.

"झाला की," मी म्हटले.

"दिसायला झालाय," यजमान म्हणाले. "अजून हात फिरवायचा राहिलाय. आठवडा लागेल."

"उद्यापासून मला सुट्टी आहे. आठवड्यानं काय करू? आजच द्या."

"सगळ्या वर्गाला धीर धरायला शिकवतेस," ते म्हणाले, "घरी येताना तो शाळेतच ठेवून येतेस वाटतं."

भिंगरी म्हणाली, "काका, देऊ नका. झाला नाहीये तो."

"असू दे गं. काकू खूश आहे बघ किती."

मी तो घेऊन गेले. माझ्या आयुष्यात मी धीर सोडला असा हा एकच दिवस, आणि पुढचे सारे त्या दिवसाचे आहे.

प्रयोग असा होता. तिवईवर वाडगा ठेवायचा, भोवती गादी अंथरायची. नऊ छर्रे आत फिरत ठेवायचे आणि दहावा लाकडी पन्हळीतून सोडायचा. तो कोणत्या बाजूने आणि कोणत्या दिशेने सोडायचा हे चिठ्ठी काढून ठरवायचे, म्हणजे माझ्या मनाचा कल त्यात उतरू नये. कोण टकरीत काठाबाहेर गेला, कोण किती सेकंद टिकला, हे वहीत मांडायचे. घर्षणामुळे शेवटी सगळेच तळाशी जातात. मला हवे होते ते, सर्वांत जास्त कोण टिकतो एवढेच. अकरा वर्षांत मी चार हजार तीनशे बारा वेळा छर्रे सोडले. जे जास्त टिकले त्यांच्यापैकी दहांतले नऊ एकाच दिशेने फिरत होते. घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने. आकाशाच्या उत्तरेकडून खाली पाहिले तर ग्रह ज्या दिशेने फिरताना दिसतील, नेमक्या त्याच.

मी त्याचा अर्थ असा लावला: सुरुवातीला थोडा जरी कल एका बाजूला असला तरी उलट दिशेने येणारा समोरासमोर धडकतो आणि फेकला जातो, अनुकूल दिशेचा सामावला जातो, आणि कल वाढतच जातो. आक्षेप मिटला होता. मी स्वतःच्या खर्चाने पुस्तिका काढली. यजमानांनी ती कारखान्यात प्रत्येकाला वाटली, ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनाही.

कलम ५. घडले ते. एकोणीस वर्षांपूर्वी संस्थेने मला प्रात्यक्षिकासह व्याख्यान द्यायला बोलावले. यजमान जाऊन तीन वर्षे झाली होती. भिंगरी अठ्ठावीस वर्षांची होती, माझ्याबरोबरच राहत होती आणि भिंगे घासण्याच्या कारखान्यात कामाला होती; हात तिने काकांचा उचलला होता. व्याख्यानाच्या आदल्या दुपारी ती वाडगा पुसून खोक्यात भरत होती.

"काकू, जरा इकडे या."

"काय गं?"

"इथे नख लावा. असं गोल नाही. आडवं. काठाकडून आत."

"हात धुतलेस का तू?"

"काकू, रेघ आहे. लेथची. काकांनी हात फिरवायचा राहिलाय म्हटलं होतं, तो हाच."

"अठरा वर्षं मी हा वाडगा पुसतेय. मला नाही कधी लागली."

"तुम्ही गोल गोल पुसता," ती म्हणाली.

इथे मला थोडे समजावून सांगणे भाग आहे. लेथवर काम गरगर फिरत असते आणि हत्यार काठाकडून मध्याकडे सावकाश सरकत असते. त्यामुळे हत्याराची खूण स्क्रूच्या आट्यासारखी, काठापासून तळापर्यंत सलग वळत जाते. ती इतकी बारीक असते की चेहरा दिसतो, रेघ दिसत नाही. गोल पुसले तर बोट तिच्याच वाटेने जाते आणि काही लागत नाही. आडवे नेले तरच नखाला प्रत्येक वेढा टोचतो. चांगला कारागीर म्हणूनच शेवटी काम थांबवून घासायचा एमरी कागद आडवा फिरवतो आणि ती रेघ मोडून काढतो. त्याला आठवडा लागतो. ती मोडली नाही, तर जो छर्रा तिच्या वळणाने चालतो तो तिच्यावरून अलगद खाली उतरतो आणि टिकतो. उलट दिशेने आलेला प्रत्येक वेढा ओलांडत, खडखडत जातो, थकतो आणि टकरीत बाहेर पडतो. म्हणजे माझे छर्रे ग्रहांचा नियम पाळत नव्हते. लेथचा पाळत होते.

हे सगळे मला त्या दुपारी एका क्षणात समजले. नख न लावता समजले. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे समजायला नख लागत नाही.

भिंगरी म्हणत होती, "उद्या तिथं कोणी नख लावलं तर? आठवडाभर पुढे ढकला. मी घासून देते. मग आपण दोघी पुन्हा छर्रे टाकू. मी येत जाईन की लवकर घरी."

मी जे उत्तर दिले ते शब्दशः लिहिते, कारण मृत्युपत्रात खोटे लिहू नये. मी म्हटले, "या घरात राहिलीस म्हणून तू या घरची झाली नाहीस. हे काम माझं आणि तुझ्या काकांचं आहे. तू त्यात बाहेरची आहेस."

जी बाई अकरा वर्षे पितळेच्या वाडग्यात छर्रे टाकून, बाहेरून आलेले घरचे कसे होतात, हे सिद्ध करत होती, तिने हे म्हटले.

भिंगरीने फडक्याची चौघडी केली. "बरं," म्हणाली. वाडग्याच्या दोन्ही बाजूंना कापूस घातला, खोके दोरीने बांधले आणि मला उचलावे लागू नये म्हणून दारापर्यंत नेऊन ठेवले.

व्याख्यान फार छान झाले. छर्रे शहाण्यासारखे एकाच दिशेने फिरले. टाळ्या पडल्या. कोणी नख लावले नाही. कोणीतरी लावावे म्हणून मी वाडगा मुद्दाम दोन रांगांमधून फिरवलासुद्धा. सगळ्यांनी त्यात आपापले चेहरे पाहिले. शेवटी चिटणीस म्हणाले, "वा बाई, चांगली करमणूक झाली." मी घरी आले तेव्हा रिकाम्या तिवईच्या बरोबर मध्यावर भिंगरीची किल्ली ठेवलेली होती.

त्यानंतर तिची चार कार्डे आली. तिने घर बदलले की एक कार्ड येते. मजकूर नसतो, फक्त नवा पत्ता, स्वच्छ अक्षरात. मी एकाचेही उत्तर दिले नाही. पण एवढे समजण्याइतकी गती मला आहे, की जो कायमचा फेकला गेला तो पत्ता कळवत नसतो.

कलम ६. भाऊ. मागच्या वेळी धूमकेतू आला तेव्हा त्याने मागची खोली टेपने मोजली. "ताई, ही खिडकी पूर्वेलाच ना? मला म्हातारपणी ऊन लागतं सकाळचं." मी म्हटले, "तुला म्हातारपण कधी येणार ते आधी कळव." टेप तो इथेच विसरून गेला. तो त्याला परत करावा. बँकेतील सर्व शिल्लक त्याचीच. घर त्याला मिळणार नाही, आणि तो रागावणार नाही, कारण तो रागावत नाही. हेच त्याच्याबाबतीत मला छळते. चाळीस वर्षांपूर्वी तो उठून गेला म्हणून एका मुलीला खोली मिळाली. याबद्दल मी त्याचे आभार कधी मानले नव्हते. ते इथे मानते. मागच्या खोलीची पूर्वेची खिडकी त्याला हवी तेव्हा उघडून द्यावी, ही घराच्या नव्या मालकिणीला विनंती आहे, अट नाही.

कलम ७. संस्था. माझ्या पुस्तिकेच्या एकशे बारा प्रती माळ्यावर आहेत. त्या चिटणिसांना द्याव्यात. त्यांच्या पत्रकात पुढील मजकूर जसाच्या तसा छापून घ्यावा: "वाडग्याच्या प्रयोगाचा निष्कर्ष चुकीचा आहे. वाडगा घासायचा राहिला होता. हे प्रथम लेखिकेच्या पुतणीने निदर्शनास आणले. सिद्धांत खरा की खोटा हे यावरून ठरत नाही. तो जिथे होता तिथेच, आजही पुराव्याशिवाय उभा आहे." शेवटचे वाक्य कापू देऊ नये. चिटणीस ते कापू पाहतील.

कलम ८. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. गुडघ्यांकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

कलम ९. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या दंतवैद्य बाई या मृत्युपत्राच्या साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकिलांनी बजावले आहे. म्हणून मी त्यांना काहीही देत नाही. एवढेच नोंदवते, की रोज सकाळी त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला की मी खाली एकटीच "हो" म्हणते. त्यांना हे ठाऊक नाही. माझा दिवस तिथून सुरू होतो.

कलम १०. घर, शेड, लेथ, हत्यारे, वह्या, वाडगा, तिवई आणि छर्रे हे सर्व भिंगरीचे. ती माझी कोण, असा प्रश्न एखाद्या कचेरीत विचारला गेला तर कलम ३ वाचून दाखवावे. पोटचे कोण आणि ठेवून घेतलेले कोण, हा भेद चालीवरून करता येत नाही. वकिलांना आता ग्रह मिळकतीत का येतात ते कळले असेल.

वाडगा मी घासून घेतलेला नाही. घ्यायचा असता तर कोणीही घासून दिला असता. पण घासल्यावर छर्रे कसे फिरतील हे मला ठाऊक नाही. कदाचित निम्मे इकडे, निम्मे तिकडे फिरतील आणि माझा सिद्धांत त्याच दुपारी संपेल. कदाचित नाही. बारावी वही कोरी आहे. भिंगरीला वाटले तर तिने आठवडा काढून वाडग्यावर आडवा हात फिरवावा आणि हजार वेळा छर्रे सोडून जे दिसेल ते पहिल्या पानावर लिहावे. वाटले नाही तर वाडग्यात किल्ल्या, बटणे, काय हवे ते ठेवावे. निकाल काहीही लागो, घर तिचेच आहे. निकाल लावलाच नाही, तरीही तिचेच.

एक गोष्ट मात्र नेहमीच्या रिवाजाविरुद्ध आहे. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. याची एक नक्कल आजच, मी जिवंत असताना, भिंगरीच्या चौथ्या कार्डावरील पत्त्यावर पाठवायची आहे. वकील म्हणाले, "याला कायद्यानं काही अर्थ नाही." मी म्हटले, "कायद्याला नसू दे."

कलम ११. आजवर मी त्या वाडग्याला आडवे नख लावलेले नाही. एकोणीस वर्षे दर रविवारी तो पुसला, आणि गोलच पुसला. माहीत असणे वेगळे आणि लावून पाहणे वेगळे, हे मी मुलांना छत्तीस वर्षे सांगितले. म्हणून हे कलम मी दोन्ही साक्षीदारांसमोर, वाडगा टेबलावर ठेवून लिहीत आहे. दुसरे साक्षीदार सुतार आहेत. पुढचे दार फुगून घट्ट बसले होते, ते तासायला आले होते. शाळेत माझ्या विषयात दोनदा नापास झालेले.

"बाई, परीक्षा आहे का ही?" त्यांनी विचारले.

"हो. पण या खेपेला माझी."

मी काठावर नख टेकवले आणि आत ओढले.

पहिल्या बोटभर अंतरातच लागले. बारीक, एकसारखे, कंगव्याच्या दातांवरून नख न्यावे तसे. यजमानांचा हात फार सम होता. एकही वेढा चुकलेला नाही. तळापर्यंत गेले. मग दंतवैद्य बाई म्हणाल्या, "मी बघू?" आणि त्यांनी डोळे मिटून नख फिरवले, त्या दिवसभर दातांवर फिरवतात तसे. सुतारांनी अंगठ्याचे नख लावले आणि मान हलवली. "शेवटचा हात राहिलाय बाई. लाकडात असतं तर मी मघाशीच ओळखलं असतं."

"तुम्हांला पूर्ण गुण," मी म्हटले.

भिंगरी, तुझे बरोबर होते. हे तुला वारसाहक्काने मिळत नाही. हे तुझे होतेच, मी एकोणीस वर्षे अडकवून ठेवले होते. आणि ते दुसरे वाक्य, बाहेरची म्हटलेले, ते मी मागे घेते. त्याला कोणताही प्रयोग लागत नव्हता.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही करून पुरे केले. यापुढे यात काही घालायचे झाले तर ते भिंगरीने बाराव्या वहीत घालावे.

स्थळ: राहत्या घरातील पुढची खोली, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: ६ फेब्रुवारी २०१९, बुधवार, सकाळचे साडेदहा.

सही: निवृत्त शिक्षिका, भिंगरीची काकू.

साक्षीदार पहिली, दंतवैद्य, राहणार वरचा मजला: बाईंनी आमच्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या. वाडग्याला नख लावून पाहिले, लागते. कलम ९ मी सही करताना वाचले. उद्यापासून खुर्ची सरकवली की मी जिन्यावरून हाक मारीन. सही.

साक्षीदार दुसरा, सुतार: बाईंनी माझ्यासमोर सही केली. नख लागते. दार तासून दिले आहे, आता एका हाताने उघडते. कुलूप जुनेच ठेवा असे बाईंनी सांगितले, म्हणून बदललेले नाही. नकलेबरोबर पाकिटात घालायची किल्ली मी आधी त्यात फिरवून पाहिली. चालते. पाकीट मीच जाताना पोस्टात टाकतो. सही.